अस्वलाचं माहेरपण

हसायचं असलं तर आधीच हसून घ्या बरं का, म्हंजे मधी मधी मला तोडू नका. चहा टाकायला सांगितलाय. तो येईस्तोवर मपल्या फजितीचा किस्सा सांगून होतोय. आन एक पहिलंच सांगून ठेवतो, ह्या फजितीत दुसऱ्या कुणाचा काडीचा दोष न्हाई. सगळी मपली करणी!

तुमाला मालूम हाय, मी परभणीत जनावराच्या बागेत नोकरी केली. मपलं खरं नाव रेशनकार्डावर हाय, पण ते कुणाला सांगितलं तर म्हणतात, "हे कोण?" अस्वलवाले मामा म्हणलं की मग रिक्षावाला बी बरोबर घराशी आणून सोडतो.

अस्वल म्हंजे राणी. अस्वलं नाचवणाऱ्या एका दरवेश्याच्या हातनं सोडवून आणलेली. आली तव्हा कुत्र्याच्या पिलाएवढी होती. नाकाला वेसणीचं भोक, डावा कान अर्धा फाटका आन मागचा एक पाय अधू. बाटलीनं दूध पाजून वाढवली मी तिला. आमच्या मंडळीनं, म्हंजे बायकोनं, एकदा विचारलं बी होतं, "आवो, ह्या अस्वलाचं तुमी एवढं करायलात, त्याला तुमच्या आडनावाचं करून घ्यायचं का?"

रोज चार वाजता मपला चहा घरनं थर्मासात यायचा. मी पिंजऱ्याशी बसायचो. मी कपातनं प्यायचो, राणी बशीतनं. सुर्रर्र! नियमात बसत होतं का? अजिबात न्हाई. पण तव्हा सायेब लोकं बी चार वाजता चहाच प्यायचे, त्यामुळं पाहायला कोण येणार?

मग बाग बंद झाली. पिंजरे लय अरुंद हायेत, जनावरं इथं ठेवू नका, असा हुकूम आला. खरंच होतं ते, खोटं कामून बोलू? राणी दूर विदर्भातल्या एका मोठ्या बागेत चालली. सकाळी ट्रक लागला. आन मी काय केलं? रजा टाकली! ताप आलाय म्हणून चिठ्ठी पाठवली आन भर उन्हाळ्यात गोधडी पांघरून पडलो. ताप कसला आलाय! तिला ट्रकात चढताना पाहणं मला जमलं नसतं, एवढंच. चार वाजता मंडळीनं चहा आणून ठेवला. तो तसाच गार झाला.

तव्हापासनं एक गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच. तिनं राग धरला असंल का? आपला माणूस आला न्हाई, असं वाटलं असंल का तिला? मी रिटायर झालो, डोक्याचे केस पांढरे झाले, डोळ्याला हा जाड चष्मा लागला, पण चार वाजले की अजून हातातला चहा गार होतोय बगा.

तर दोन वर्षांखाली काय झालं, बाग नव्यानं बांधायलेत अशी बातमी आली. मी छत्री घेऊन दुसऱ्या दिवशी हजर! जाऊन पाहतो तर काय, गजच न्हाईत! समोर खोल खंदक, एका बाजूला जाड काच, मधी सिमेंटचा डोंगर, डोंगरात गुहा. मागं जनावराच्या झोपायच्या खोल्या, त्येवढ्यालाच गज. आन खोलीच्या मागं एक बारकं अंगण. काम पाहणारा सायेब चांगला माणूस. त्येला म्हणलं, "सायेब, ह्या डोंगरावर कोण राहणार हाय?"

सायेब म्हणाले, "अस्वल. कळवलंय तिकडून." आन त्यांनी त्याच विदर्भातल्या बागेचं नाव घेतलं.

माझ्या हातातली छत्रीच खाली पडली. म्हणलं, "पत्रात काय लिवलंय? नीट वाचा."

"अस्वल, एक."

"झालं तर मग! तीच!"

"मामा, पत्रात नाव वगैरे काही नाही हं."

"सायेब, तिकडं परभणीचं अस्वल एकच गेलंय. इकडं पाठवायला त्यांनी दुसरं कामून धाडावं?"

सायेबांना डोंगराचं सिमेंट वाळायची घाई होती. ते म्हणाले, "असेल बुवा." आन हे 'असेल बुवा' मी 'हाय' असं धरून चाललो. इथनं मपली गाडी उताराला लागली ती थांबलीच न्हाई.

रोज सकाळी जेवून मी बागेत. सायेबाला म्हणलं, अंगणात पायऱ्या नकोत, तिचा मागचा पाय अधू हाय, उतार करा. पायऱ्या फोडल्या, उतार झाला. म्हणलं, हा कडूलिंब तोडू नका, तिला लिंबाखालीच झोप येती. तर खंदक लिंबाला वळसा घालून गेला. म्हणलं, खोलीच्या गजापाशी बाहेरनं एक ओटा पायजे.

"ओटा? अस्वलाला?" सायेब.

"अस्वलाला न्हाई ओ, मला. चहाला बसायला!"

सायेबांनी कपाळाला हात लावला, पण ओटा बांधून दिला. बाकी जनावरं एक एक करून यायलीच होती. हरणं आली, दोन सायाळी आल्या, मोर आले. पोखर्णी, पूर्णेकडनं लोकं लेकरं घेऊन पाहायला यायली. मी तिकडं ढुंकून सुद्धा पाहिलं न्हाई. लेक यायचीय म्हणल्यावर माणूस शेजाऱ्याच्या पाहुण्याकडं पाहत बसतो का?

व्हय, लेकच. हा शब्द मीच घरात काढला आन पस्तावलो. मंडळीला म्हणलं, "राणी माहेरी यायलीय."

मंडळी भाकरी थापायलेली थांबली. म्हणली, "माहेरी? बरं. मला ताडकळसला माहेराला जायचं म्हणलं की तुमचा गुडघा दुखतो. यष्टीत गर्दी असती. आन अस्वलाच्या माहेरपणाला तुमी दोन वर्षं उन्हात उभे!"

पण मनानं लय चांगली हो ती. दुसऱ्या दिवशी तिनंच शेजारच्या लंकाबाईला सांगितलं. लंकाबाईनं बचत गटात सांगितलं. आन बचत गटात सांगितलेली गोष्ट तिथंच राहिलीय, असं परभणीत कधी झालंय का? आठ बाया तयार झाल्या. माहेरवाशीण इतक्या वर्षांनी यायलीय, भाकरतुकडा ओवाळायला नको? ओटी भरायला नको? मी नको म्हणायला पायजे होतं. मी म्हणलं, "खण हिरवा आणा."

आता खरी गोम ऐका. गाडी येणार त्याच्या आदल्या दिवशी माझ्या मनात आलं, मी तर तिला वळखीन, अंधारात सुद्धा वळखीन, पण ती मला वळखंल का? तिच्या डोळ्यात बसलाय तो काळ्या केसाचा, खाकी शर्टातला, बिनचष्म्याचा माणूस. हा पांढरा म्हातारा कोण, असं म्हणून तिनं पाठ फिरवली तर? ते माझ्यानं सोसलं नसतं. खरंच सांगतो.

मग काय, केसाला काळी मेंदी थापली. पेटीतनं जुना खाकी शर्ट काढला. पोटावर बटण लागंना, तर मंडळीनं दोन्ही बाजूनं शिवण उसवून दिली. जुनी कडा उडालेली बशी माळ्यावरनं शोधून काढली. आन शेवटी चष्मा काढून मंडळीच्या हातात दिला.

"आवो, चष्मा कामून काढायलात? तुमाला समोरची म्हैस दिसत न्हाई!"

"राणीनं मला चष्म्यात कधी पाहिलं न्हाई."

मंडळीनं मपल्याकडं पाहिलं. चष्मा पदराच्या टोकाला बांधला आन म्हणली, "चला."

बरोबर चार वाजता ट्रक आला. हा योगायोग पाहून मला तर तिथंच रडू फुटायलं. पिंजरा खोलीच्या दाराला लावला, दार उचललं, आत धपकन आवाज झाला. सोबत तिकडच्या बागेच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्या कागदावर सह्या घ्यायला सायेबांसोबत हापिसात गेल्या. नवीन राखणदार मला वळखायचा, तो बाजूला झाला. बाया कठड्याच्या मागं हारीनं उभ्या. मी ओट्यावर बसलो.

आत सावली. मला काय दिसलं? एक मोठं काळं. बास!

"राणे," म्हणलं, "आलीस का गं?"

आन काय सांगू तुमाला, ते काळं उठलं आन सरळ माझ्याकडं आलं! बाया म्हणल्या, "आगं बाई, वळखलं!" लंकाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी हुंगून पाहिलं, वास बी तोच! अस्वलाला अस्वलाचा वास येणारच, हे तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कळायला नको का? कळायला पायजे होतं. पण त्या वेळी अक्कल बी मी मंडळीच्या पदराला बांधून दिली होती.

राखणदार म्हणाला, "मामा, लय मोठं हाय हो."

म्हणलं, "सुधारली. चांगलं खायला मिळालं तिकडं."

त्यानं अंगणाचं दार उघडलं. ते काळं मी करून घेतलेल्या उतारावरनं धडाधडा पळत खाली गेलं आन तसंच पळत वर आलं.

लंकाबाई म्हणली, "मामा, पाय अधू म्हणला होता ना?"

"बरा झाला! तिकडं मोठे दवाखाने हायेत."

मंडळी हळूच म्हणली, "आवो, मला तर दोन्ही कान अख्खे दिसायलेत."

"भरून आला असंल. तू गप."

मी बशीत चहा ओतला, गजाखालनं आत सरकवला. सुर्रर्र! तोच आवाज! झालं, माझा बांधच फुटला. मी गजाला कपाळ टेकवलं आन सगळ्या बायांच्या देखत बोलून गेलो, "राणे, त्या दिवशी मला ताप आला न्हवता गं. खोटं बोललो मी. तुला जाताना पाहवलं नसतं म्हणून आलो न्हाई. तू वाट पाहिली असशील. मपलं चुकलं. राग धरू नको बाई."

बायांनी पदर डोळ्याला लावले. एकजण तर हुंदके देऊन रडायली. तिचा राणीशी काही संबंध न्हाई, ती बिचारी तिच्या लेकीच्या आठवणीनं रडायली होती. लंकाबाई डोळे पुसत पुढं झाली, हिरव्या खणावर नारळ ठेवला, हळदकुंकू लावलं आन ओटी ओट्यावर ठेवली. आतनं एक पंजा आला, नारळ आत गेला, भिंतीवर आपटला, एका फटक्यात दोन भकलं!

तेवढ्यात मागनं आवाज आला, "अहो काका! हे काय चाललंय इथं?"

डॉक्टरीणबाई! हातात कागद. मी डोळे पुसत म्हणलं, "काही न्हाई बाई. माहेरपण."

"कुणाचं?"

"हिचं. राणीचं."

डॉक्टरीणबाईनं आत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, बशीकडं पाहिलं, खणाकडं पाहिलं. मग लय सावकाश बोलल्या, "काका, हा नर आहे. चार वर्षांचा. पैलवान नाव आहे याचं."

मग लंकाबाई म्हणली, "आगं बया! मग आपण ओटी कुणाची भरली?"

तिच्या मागची म्हणली, "जावयाची!"

हसल्या हो! कठडा धरधरून हसल्या. राखणदार हसायला भिंतीमागं गेला. सायेब तोंडावर फाईल धरून उभे. मंडळीनं पदराची गाठ सोडली, चष्मा काढला आन मपल्या नाकावर चढवला. आत काय दिसलं मला? चांगलं धिप्पाड, तरणंताठं गडी अस्वल. दोन्ही कान अख्खे. नाकाला ओरखडा सुद्धा न्हाई. खोबरं खात मपल्याकडं मजेत पाहायलं होतं.

मंडळी म्हणली, "आवो, मला पाहायला आलता ताडकळसला, तव्हा तरी नजर धड होती ना?"

मी उठलो आन हरणांच्या कुंपणापाशी जाऊन बसलो. हसणाऱ्याचा राग न्हाई आला मला. इज्जत गेली तर गेली, ती तशी बी चिमूटभरच उरली होती. पण राणी आली न्हाई. दोन वर्षं मी जिच्यासाठी लिंब राखला, उतार केला, ती आलीच न्हवती. आन मपली माफी एका भलत्याच गड्यानं खोबऱ्यासंगट खाऊन टाकली होती.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई येऊन मपल्याशेजारी मातीत बसल्या. मंडळी बी आली. बाई म्हणल्या, "काका, राणी आहे हो. छान आहे. म्हातारी झालीय, तिला आता एवढा प्रवास झेपणार नाही, म्हणून तिला नाही पाठवलं." त्यांनी फोनवर एक व्हिडिओ लावला. लिंब न्हाई, कसलं तरी दुसरं झाड होतं. खाली बसलेली. तोंड पांढरं झालेलं. डावा कान अर्धा. आता चष्म्यातनं लख्ख दिसलं मला. अंधारात वळखीन म्हणायचो, उजेडात दुसऱ्याच्या गळ्यात पडलो!

म्हणलं, "तिच्या राखणदाराशी बोलता येईल का?"

बाईंनी फोन लावला, मी कोण ते सांगितलं आन मोठ्या आवाजावर टाकला. तिकडचा गडी वऱ्हाडी. "कोन? परभनीवाले का? तुम्हीच का ते? अरे बावा, काय सवय लावून ठेवली हो तुम्ही तिले?"

"कसली सवय?"

"रोज चार वाजले का दाराशी येऊन बसते. आली तवापासून. काही खायले देल्लं तं पाहात नाही, नुसती दाराकडं पाहाते. घंटाभर बसते अन् उठून जाते. आमी डॉक्टर दाखवला, रक्त तपासलं. कोनालेच काही समजलं नाही."

मंडळीच बोलली, "चहा लागतो तिला. बशीत."

"चाय? अन् हे आता सांगता तुम्ही?"

घड्याळात पाच व्हायला आले होते. मी म्हणलं, "आत्ता... आत्ता बसलीय का?"

"बसली हाय ना. उठतच असन आता."

"तिच्याजवळ फोन धरता का जरा?"

धरला त्यानं. मी एकदाच म्हणलं, "राणे." तिकडं जराशानं गडी म्हणाला, "कान हालवला भाऊ तिनं." मग जरा थांबून म्हणाला, "माशी बी असू शकते, मी खोटं कायले सांगू."

आता इकडचं ऐका. पैलवानाला पहिल्याच दिवशी चार वाजता बशी दाखवली ना मी? दुसऱ्या दिवशी चारला तो गजाशी येऊन बसला! उठंचना. राखणदाराचा फोन, "मामा, तुमचा जावई दाराशी बसलाय. या!" डॉक्टरीणबाईनं फोनवर मला लय झापलं. चहा बंद. मग त्यांनीच तोड काढली, गुळाचं कोमट पाणी, तेबी त्यांनी ठरवून दिलं तेवढंच. आता रोज चारला मी ओट्यावर. पैलवानाला गुळाचं पाणी, मला चहा. एका बशीनं दोन अस्वलं बिघडवली मी! तिकडं राणीला बी आता चारला गुळाचं पाणी मिळतंय. पिती म्हणं. पण पिऊन झालं तरी दाराकडं पाहत बसती, असं तो गडी सांगतो.

पुढच्या महिन्यात पूर्णेहून रेल्वेनं जायचं ठरलंय तिला भेटायला. मंडळी बी येणार हाय. पण येताना आधी ताडकळसला चार दिवस राहायचं, गुडघ्याचं नाव काढायचं न्हाई, असं तिनं मपल्याकडनं कबूल करून घेतलंय.

सगळं ठरलंय, एकाच गोष्टीनं झोप उडालीय. चष्मा लावून गेलो तर ती मला वळखायची न्हाई. काढून गेलो तर मी तिला वळखायचो न्हाई, आन पुन्हा भलत्याच कुणाच्या गळ्यात पडायचो! काय करावं? सकाळी मंडळीला विचारलं, "तूच सांग, चष्मा लावून जाऊ का काढून जाऊ?"

ती थर्मास घासायली होती. मान बी वर न करता म्हणली, "काहीबी घालून जा. ती कुठं तुमाला पाहायला बसलीय? ती चहाची वाट पाहायलीय!"